तापानंतर पाळी बिघडली तर काय करायचं

पावसाळ्यात आमच्या परळच्या चाळीत घरटी एक जण तरी तापाने पडलेला असतो, आणि मग महिन्याभराने नळावर बायकांची कुजबुज सुरू होते, अगं माझी तारीख उलटून गेली, कुणाला दोनदा आली, कुणाला नुसता डाग. आणि नवीन लग्न झालेली असेल तर तिला लगेच भीती, की आता मूल होईल ना.

तर पहिलं काम, कालनिर्णयवर पाळीच्या तारखेला गोल करतो ना आपण, तिथेच ताप कधी आला कधी उतरला तेपण लिहायचं. कारण शरीर आजाराशी झगडत असलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारे सिग्नल मंदावतात, बीज उशिरा बाहेर पडतं, आणि बीज बाहेर पडल्यावर साधारण १४ दिवसांनी पाळी येते म्हणून तीपण तेवढीच पुढे जाते. कोविडनंतरही खूप जणींचं असं झालेलं आणि बहुतेकींचं काही महिन्यांत आपोआप जागेवर आलं. तारीख आठवडाभर पुढे गेली तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा, सगळं तापावर ढकलू नका. ३ महिने आलीच नाही तर मात्र डॉक्टर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डेंग्यू. माझ्या धाकट्या बहिणीला तापाच्या चौथ्या दिवशी पाळी आली, पोट दुखत होतं म्हणून तिने पर्समधली नेहमीची गोळी काढली, पाण्याचा ग्लास हातात, आणि मी ती अक्षरशः हिसकावून घेतली. पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांत बऱ्याचदा मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेन असतं, डेंग्यूत प्लेटलेट आधीच खाली असतात आणि ह्या गोळ्यांनी रक्तस्राव अजून वाढू शकतो. ॲस्पिरिनपण नको. डेंग्यूचा नुसता संशय असला तरी पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, मोठ्या गाठी पडतायत, चक्कर येतेय किंवा पोटात खूप कळ येतेय तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टी गाठायची.

चान्स घेत असाल तर रुबेलाची (जर्मन गोवराची) लस झालीय का ते आधी विचारा, कारण गरोदरपणाच्या पहिल्या ३ महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या कानावर, डोळ्यांवर, हृदयावर परिणाम होऊ शकतो. लस घेतली की १ महिना थांबायचं. झिका (हाही डासांमुळे होणारा व्हायरल ताप, पोटातल्या बाळाला बाधू शकतो) झाला असेल तर बाईने २ महिने आणि पुरुषाने ३ महिने थांबायचं. गालगुंडात क्वचित अंडाशयाला सूज येते पण त्यामुळे कायमचं वंध्यत्व फारच दुर्मिळ.

आणि हो, नवऱ्याला जोरात ताप येऊन गेला असेल तर त्याचाही स्पर्म काउंट २-३ महिने कमी राहू शकतो, हे सासूबाईंनापण सांगा प्लीज, दरवेळी सुनेचेच रिपोर्ट कशाला.

बीज गर्भाशयाकडे नेणाऱ्या नळ्या ब्लॉक निघाल्या तर ते बहुतेक वेळा क्लॅमिडिया, गनोरिया (दोन्ही शरीरसंबंधातून होणारे आजार) किंवा गर्भाशयाच्या टीबीमुळे असतं, हे सगळे बॅक्टेरिया, जुन्या व्हायरल तापाला दोष देत बसलात तर खऱ्या आजाराचे उपचार राहून जातात. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, किंवा वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांनीच, दोघांनी मिळून तपासून घ्या.

दवाखान्यात जाताना कालनिर्णयच्या त्या पानांचा मोबाईलवर फोटो काढून न्या आणि दिवसाला किती पॅड लागले तेपण लिहून ठेवा. शेवटची पाळी कधी, हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात, आणि नेमकं तेव्हाच आठवत नाही.