दिव्याचे आवर्तन मोजताना झालेली माझी चूक

सांगलीच्या मुलाला अथांग पाणी ठाऊक असते ते कृष्णेच्या पुराचे. त्यामुळे सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या अधिकारीपदाच्या, तोंडी परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना दीपस्तंभ आणि बोयांवरच्या (पाण्यात तरंगणाऱ्या खुणांवरच्या) दिव्यांच्या उघडझापीचा धडा निव्वळ पाठांतराचा वाटतो. मलाही तसाच वाटला होता. फ्लॅशिंगमध्ये अंधार जास्त, ऑकल्टिंगमध्ये उजेड जास्त आणि आयसोफेजमध्ये दोन्ही सारखे, एवढे तुम्हाला येत असेलच.

मी फसलो तो आवर्तनाच्या, म्हणजे पिरियडच्या, मोजणीत. कॅडेट असताना एका रात्री सेकंड ऑफिसरांनी मला समोरचा दीपस्तंभ ओळखायला सांगितले. मी तीन झोत मोजले, तिसरा विझताच स्टॉपवॉच सुरू केले आणि पुढचा झोत दिसताच थांबवले. साडेनऊ सेकंद भरले. चार्टवर, म्हणजे सागरी नकाशावर, तीन झोतांचा, 10 सेकंदांचा एक दिवा होता. मी बेधडक तोच सांगितला. समोरचा दिवा 15 सेकंदांचा होता. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन झोत आणि त्यांच्या मधले दोन-दोन सेकंदांचे दोन अंधार, असे साडेपाच सेकंद मी हिशेबातून गाळले होते. सेकंड ऑफिसरांनी लगेच पकडले म्हणून बरे, नाहीतर त्या दिव्याच्या बेअरिंगवर (दिशेच्या मापावर) आमचे जहाज चार्टवर भलत्याच जागी उभे राहिले असते.

आवर्तन म्हणजे एका गटातल्या पहिल्या झोताच्या सुरुवातीपासून पुढच्या गटातल्या पहिल्या झोताच्या सुरुवातीपर्यंतचा काळ. पुन्हा सांगतो, सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत. शेवटच्या झोताच्या शेवटापासून नव्हे. सलग तीन आवर्तने मोजून तीनने भागावे, आणि आकडा कागदावर उतरवल्याशिवाय चार्टकडे बघूच नये, कारण चार्ट आधी पाहिला की डोळ्यांना हवे तेच दिसू लागते.

धोक्याच्या कोणत्या दिशेला सुरक्षित पाणी आहे ते दाखवणाऱ्या कार्डिनल बोयांसाठी घड्याळाची युक्ती सगळेच सांगतात: पूर्वेला 3 झोत, दक्षिणेला 6, पश्चिमेला 9 आणि उत्तरेला अखंड लुकलुक. युक्ती चांगली आहे, पण दक्षिणेच्या सहा झोतांनंतर किमान दोन सेकंदांचा लांब झोत कशासाठी, हे विचारले की घड्याळवाले गप्प होतात. लाटांआड एखादा झोत हुकला तरी सहाचे तीन किंवा नऊ वाटू नयेत, यासाठी तो असतो. तयार नोट्सवर माझा विश्वास नाही, त्याचे आणखी एक कारण म्हणजे अमेरिकी नोट्समधले लाल-हिरवे आपल्या उलट असते. बोयांचे नियम ठरवणाऱ्या आयाला (IALA) या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रदेश अ मध्ये भारत येत असल्यामुळे बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बोया डाव्या हाताला राहतो.

विचारताक्षणी उत्तर देऊन टाकणाऱ्या सीनियरपेक्षा मला सांगलीवाडीचा एक मित्र जास्त उपयोगी पडला. तो पैलतीरावरून बॅटरीवर टोपी झाकत-काढत झोत द्यायचा आणि मी अलीकडच्या घाटावर बसून मोजायचो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरच्या गाड्यांचे दिवे मध्ये येत आणि मोजणी चुके. बंदराजवळ किनाऱ्याचे दिवेही असाच घोळ घालतात, हे मला तिथेच आधी कळले. पहिला आठवडा माझे एकही उत्तर बरोबर आले नाही, त्यामुळे तुमचेही चुकले तर घाबरू नका. मात्र पावसाळ्यात पाणी चढले की घाटावर जाऊ नका. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर बॅटरी मारली तरी सराव तेवढाच होतो.