पडद्यावरची लावणी अंगात उतरवताना
सांगलीत विश्रामबागेत गणपतीच्या कार्यक्रमाला मी मुलींचे नाच बसवते. ‘नटरंग’मधली (२०१०) ‘अप्सरा आली’ घ्यायची तर आधी आवाज बंद करा. फुलवा खामकरांनी बसवलेली ही लावणी निम्म्या वेगात, नुसते पाय बघत पाहा. चेहरा जवळून दाखवला की पाय दिसतच नाहीत. ती प्रत्येक जागा वहीत लिहा आणि आठ मोजत आपली पावलं भरा. खरी मेहनत इथेच आहे, आणि मला हेच काम सगळ्यात आवडतं! डाव्या-उजव्याचा घोळ होत असेल तर मोबाईल आरशासमोर धरून प्रतिबिंब बघत शिका. घुंगरू पहिल्या दिवसापासून बांधा, खाली मऊ कापड गुंडाळून. नाहीतर घोटा सोलतो. नऊवारीचा काष्टा घट्ट हवा. अदा मी शेवटच्या आठवड्यातच घेते.