लिनोलियमचा सांधा उचललाय? या चुका टाळा

स्वयंपाकघरात जमिनीवर चिकटवलेल्या लिनोलियमच्या चादरीचा सांधा उचलला की माणूस आधी गोंद शोधायला पळतो. पाणी कुठून आलं हे मात्र कुणी शोधत नाही. सांधा बहुतेक वेळा सिंकसमोरच उचलतो, तेवढ्यावरून तरी शंका यायला हवी.

मलाही आली नव्हती. चार बोटं लांबीची कड वर आली होती. कड जरा उचलून आत गोंद सोडला, वर जड डबे ठेवले, संध्याकाळी जमीन सपाट! दोन दिवस मी स्वतःवर खूश. पंधरवड्याने तिथे पाय पडला आणि पच् असा आवाज झाला. सांध्यातून करडं पाणी वर आलं. कड सोलून पाहिली तर पाठीचा ताग काळा पडलेला, खालचं प्लायवुड पोळीसारखं फुगलेलं आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. सिंकखालच्या पाइपचा वायसर झिजला होता. थेंब थेंब पाणी कपाटामागून सरळ लिनोलियमखाली जात होतं, आणि मी गोंद लावून ते आत कोंडून ठेवलं होतं. अर्ध्या तासाच्या कामापायी हातभर प्लायवुड बदलावं लागलं. वरचा नवा तुकडा आजही रंगाने वेगळा दिसतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. उचललेल्या कडेखाली टिश्यू पेपरची घडी रात्रभर सरकवून ठेवायची. सकाळी ती दमट निघाली तर गोंदाची बाटली उघडायचीच नाही, आधी गळती शोधायची. गळती थांबली की कडेखाली आइस्क्रीमच्या काड्या अडकवून दोन दिवस पंखा सोडायचा. हेअर ड्रायर चालतो, पण मध्यम आचेवर आणि हात हलता ठेवून. एका जागी धरलात तर डाग पडेल. दोन दिवस थांबायला जीव जातो म्हणणाऱ्यांनी सरळ कारागीर बोलवावा.

दुसरी माझी चीड म्हणजे सुपरग्लू. तो काचेसारखा कडक होतो आणि जमीन पायाखाली किंचित लवते, म्हणून महिन्याभरात तडकतो. वर थेंब सांडला की पांढरा डाग. तो काढायला लोक नेलपॉलिश रिमूव्हर घासतात आणि चकाकीही घालवतात. लिनोलियमसाठीचाच गोंद घ्या.

त्याआधी जमीन खरंच लिनोलियमची आहे का, तेही बघा. लिनोलियम जवसाच्या तेलापासून बनतं. त्याच्या पाठीला तागाचं कापड असतं आणि रंग बहुधा आतपर्यंत उतरलेला असतो. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिकची चादर, तिच्यावर छापील थर असतो. व्हिनाइलचा सीम सीलर, म्हणजे सांध्यात भरायचं द्रावण, कडा विरघळवून एकजीव करतो. लिनोलियमवर ते होत नाही. त्याचे सांधे वेल्डिंगची दोरी गरम करून भरतात, आणि ते काम मी स्वतः करत नाही.

जुना गोंद आणि रेती न काढता नवा गोंद लावू नका. एक खडासुद्धा वर उंचवटा होऊन दिसतो. जमीन फार जुनी असेल तर मात्र कोरडं खरवडू नका, घासू नका. 1980च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अशा फरशीच्या पाठीत आणि गोंदात ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणजे ज्याची धूळ श्वासात गेली तर फुफ्फुसांना घातक असं खनिज. आधी तपासून घ्या.

गोंद थापू नका, पातळ पसरा. कड आखडून फट पडली असेल तर ओढून जुळवू नका, पुन्हा सुटेल. खिळे? नको.

गोंद लावल्यावर आतून सांध्याकडे रोलर फिरवायचा, बाहेर आलेला गोंद लगेच पुसायचा, वर प्लास्टिक, त्यावर फळी, त्यावर वजन. चोवीस तास. प्लास्टिक विसरलात तर फळीच जमिनीला चिकटते, हेही अनुभवाने सांगतोय. पुढचे चार-पाच दिवस तिथे ओला पोछा नाही.

फळी काढली की मी नखाने कड हळूच उचकटून बघतो. घरचे म्हणतात, आता बसलंय ना, कशाला उकरतोस.