त्रुआ शहर आणि शँपेनचे काउंट : हा इतिहास न गोंधळता कसा वाचायचा

आधी नावाचं बघू. स्पेलिंग बघून आपण ट्रॉयेस म्हणतो पण फ्रेंच लोक त्रुआ म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये तीन या आकड्याचा जो उच्चार तोच. ग्रीकांनी घोडा आत घुसवला ते ट्रॉय वेगळं, त्याचा इथे काही संबंध नाही. आणि शँपेन म्हणजे इथे फ्रान्समधला प्रांत, काउंट म्हणजे त्या प्रांतावर राज्य करणारा सरदार, बाटलीतली फेसाळ शँपेन बरीच नंतरची.

आता मुख्य सल्ला, वंशावळीपासून सुरुवात करू नका. मी केली होती आणि दोन दिवस वाया घालवले, कारण काउंटांच्या या घराण्यात नावं दोनच, थिबो नाहीतर हेन्री, आणि नंबर प्रत्येक प्रांताचा वेगळा. ब्लुआ या घराण्याच्या दुसऱ्या प्रांताचा चौथा थिबो तोच शँपेनचा दुसरा थिबो, आणि त्याचा पणतू शँपेनचा चौथा थिबो, तोच १२३४ पासून नावारा (स्पेनच्या उत्तरेचं राज्य) इथला राजा पहिला थिबो! म्हणून वहीत नंबर लिहूच नका, कोणाचा मुलगा आणि कधी गेला एवढं लिहा, पुरतं.

त्याऐवजी नकाशा उघडा. जुन्या शहराचा आकार शँपेनच्या बुचासारखा दिसतो, हे तिथले लोकच कौतुकाने सांगतात. बुचाचं डोकं पूर्वेला, तिथे कॅथेड्रल आणि बिशप, म्हणजे जुनी रोमन काळापासूनची वस्ती. खालचा लांब भाग पश्चिमेला, ती व्यापाऱ्यांची पेठ. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, कारण घराण्याची ताकद कॅथेड्रलमधून नाही तर त्या पेठेतून आली.

मग एकच माणूस पकडा, पहिला हेन्री, ज्याला उदार म्हणायचे, ११५२ ते ११८१. वडील वारल्यावर हा थोरला असून घराण्याचं जुनं ब्लुआ धाकट्याला दिलं आणि स्वतः शँपेन घेतलं, यावरूनच समजा पैसा कुठे होता ते. याची बायको मारी ही फ्रान्सचा राजा सातव्या लुईची मुलगी, आणि ११६० मध्ये त्याच लुईने हेन्रीच्या बहिणीशी लग्न केलं, म्हणजे हेन्री राजाचा जावईपण आणि मेव्हणापण. पुढचा राजा फिलिप ऑगस्ट हा त्या बहिणीचा मुलगा. नाती एका कागदावर काढून बघा, नुसतं वाचून कळत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ जत्रांना द्या. जत्रा म्हणजे देवाची नाही, घाऊक बाजार. वर्षाला सहा भरायच्या, दोन त्रुआला, दोन प्रोव्हँला, एक लान्यीला आणि एक बार-सुर-ओबला, एक संपली की दुसरी, वर्षभर चालूच. फ्लँडर्सचं (आजच्या बेल्जियमकडचा भाग) कापड यायचं, इटलीचे व्यापारी आणि सावकार यायचे, आणि काउंटची गॅरंटी असायची की वाटेत लुटलं तर मी बघून घेतो, कर्ज बुडवलं तर जत्रेचे अधिकारी वसूल करतील. खरं भांडवल म्हणजे हा विश्वास. सोनं अजून ट्रॉय औंसात मोजतात ना, साधारण ३१.१ ग्रॅमचा, ते नाव याच शहरावरून आलं असं मानतात.

उतरण पटकन वाचली तरी चालेल. हेन्रीचा थोरला मुलगा ११९७ ला पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अक्को शहरात खिडकीतून पडून मेला, धाकटा १२०१ ला गेला आणि त्यानंतर काही दिवसांनी त्याचा मुलगा चौथा थिबो जन्मला, मग त्याची आई ब्लांश हिने १२२२ पर्यंत कारभार ओढला, वर पुतणीच्या नवऱ्याशी वारशासाठी लढाई (या बाईवर खरं तर वेगळं लिहायला पाहिजे). थिबो गाणी रचायचा, चांगली रचायचा, पण चुलत बहिणीचा हक्क मिटवायला ब्लुआ आणि शार्त्रवरचे अधिकार राजाला विकून बसला. त्याची नात जान हिचं १२८४ मध्ये चौथ्या फिलिपशी लग्न झालं आणि शँपेन राजघराण्यात गेलं. जत्राही त्याच सुमारास मंदावल्या, कारण जेनोआची जहाजं समुद्रमार्गे थेट फ्लँडर्सला जायला लागली.

प्रत्यक्ष गेलात तर एक चूक टाळा. लाकडी चौकटीची वाकडी घरं बघून हे काउंटच्या काळातलं असं वाटतं, पण १५२४ च्या आगीत पेठ जळली आणि ती घरं त्यानंतरची. कॅथेड्रलचं काम १३ व्या शतकात सुरू होऊन १७ व्यापर्यंत रेंगाळलं, दोन मनोरे ठरलेले पण एकच उभा राहिला. आणि काउंटांच्या कबरी तिथे शोधू नका. हेन्रीने आपल्या वाड्याला लागून सेंट एतिएनचं वेगळं चर्च बांधलं होतं, स्वतःला तिथेच पुरून घेतलं, ते फ्रेंच क्रांतीनंतर पाडलं. चांदीच्या कबरी वितळवल्या, त्यांच्यावरच्या मीनाकारीच्या काही पट्ट्या तेवढ्या वाचल्या, आणि त्या ठेवल्यात बिशपच्या कॅथेड्रलच्या खजिन्यात.