भांडी सिंकमध्ये असताना वीस मिनिटं कसं पडावं

लॅचमध्ये किल्ली फिरली की मी दिवाणावरून ताडकन उठायचे आणि कोथिंबीर निवडायला घ्यायचे. वय 48. घर माझं, दिवाण माझा, पहाटे साडेपाचपासूनची कामंही माझीच. पण पडलेलं कुणी पाहता कामा नये! सरकारने 2019 मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. हे वाचून मी काय केलं, तर उठून ओटा पुसला.

चाळिशी-पन्नाशीत ही सवय मोडायची असेल तर आधी वेळ ठरवा, आणि ती थोडकी ठेवा. वीस मिनिटं पुरे. डोळा लागला तर लागू द्या, पण गजर लावून ठेवा. तास-दीड तास गाढ झोपलात तर डोकं जड होतं आणि "म्हणूनच मी दुपारी पडत नाही" म्हणायला निमित्त मिळतं.

सगळं आवरलं की पडू, असं म्हणू नका. सगळं कधीच आवरत नसतं. भांडी सिंकमध्ये असतानाच पडायचं. पहिल्या दिवशी मला डोळे मिटूनही कढईचा करपलेला तळ दिसत होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिसेनासा झाला; कढई होती तिथेच होती.

मग घरात सांगा. इथेच बहुतेकजण घसरतात. "डोकं दुखतंय" म्हणालात तर बाम येतो, विचारपूस होते, आणि आजारी असल्याशिवाय पडायचं नाही हा नियम आणखी पक्का होतो. "दोन ते दोन वीस मी पडणार आहे" एवढंच बोला. का, विचारलं तर "असंच". सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंखा दोनवर ठेव, गार लागेल."

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या वाढदिवसाला केक टाकणं हेही कामच. ध्यान, प्राणायाम यांची वेळ वेगळी ठेवा. नाहीतर तेही नीट जमतंय का, हे बघणं सुरू होतं.

पहिली पाच मिनिटं वाईट जातात. मटकी भिजवायची राहिली, विम्याचा हप्ता भरायचाय, सगळं तेव्हाच आठवतं. उशाशी कागद ठेवा, लिहा, परत आडवे व्हा. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' हेही आठवेलच. लहानपणापासून ऐकलेलं असं सुटत नाही. मला तेव्हा कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली, तीही त्यांनी मागणी कित्येक वर्षं लावून धरली तेव्हा. आमच्या ओट्याला तो रविवार अजून लागू झालेला नाही. उलट त्या दिवशी मटण असतं.

पंधरा-वीस दिवस असं करूनही थकवा हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासून घ्या. पाळी जाण्याच्या सुमारास रात्रीची झोपही विस्कटते, तेही त्यांच्या कानावर घाला.

आणि लॅच वाजलं तर उठू नका. दाराकडे पाठ करून पडलात तर सोपं जातं.