संख्याशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा प्रभाव कसा तपासावा

संख्याशास्त्रज्ञाचे काम एका विषयात जन्माला येते आणि वापरले जाते भलत्याच विषयांत. म्हणून त्याच्या नावापुढचा उद्धरणांचा, म्हणजेच इतर शोधनिबंधांनी केलेल्या उल्लेखांचा (सायटेशन्सचा), एकच आकडा पाहून मत बनवणे त्या माणसावर अन्याय करणारे ठरते. तपासणीची रीत समजावी यासाठी संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचे उदाहरण घेऊ. १९२० साली जन्मलेले राव कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये घडले, आणि २०२३ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्राचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

प्रथम नावाची खात्री करावी. शोधनिबंधांच्या डेटाबेसमध्ये ‘राव’ या आडनावाचे असंख्य लेखक आहेत. त्यांपैकी रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांचे निबंध विपुल असल्यामुळे दोघांच्या याद्या एकमेकींत मिसळण्याचा धोका खराच आहे. हयात संशोधकाचा ऑर्किड, म्हणजे त्या एकाच व्यक्तीची ओळख पटवणारा, क्रमांक मिळाला तर काम सोपे होते, परंतु ही सोय २०१२ पासूनची आहे. जुन्या पिढीसाठी संस्था, सहलेखक आणि कालखंड यांवरून प्रत्येक निबंध हातानेच पडताळावा लागतो. हे काम कंटाळवाणे असले तरी येथे झालेली चूक पुढच्या प्रत्येक आकड्यात उतरते.

त्यानंतर यादीतील निबंधांचे प्रकार पाडावेत: नवी पद्धत मांडणारे, सिद्धांत मांडणारे, इतर शास्त्रज्ञांबरोबर विश्लेषण करून लिहिलेले, आणि पुस्तके. एखाद्या मोठ्या औषधचाचणीच्या निबंधात संख्याशास्त्रज्ञाचे नाव वीस लेखकांच्या मध्ये कुठेतरी असते. त्या निबंधाला हजारो उद्धरणे मिळाली तरी ती त्याच्या स्वतंत्र कल्पनेला मिळालेली नसतात. तसेच सैद्धांतिक निबंधांत लेखकांची नावे पुष्कळदा वर्णानुक्रमे येतात, तर वैद्यकात पहिल्या आणि शेवटच्या नावाला विशेष अर्थ असतो. त्यामुळे ‘पहिला लेखक’ हा निकष सर्वत्र सारखा लावता येत नाही.

आता उद्धरणे मोजावीत, मात्र किमान दोन ठिकाणी. गूगल स्कॉलर हे शोधयंत्र पुस्तके, प्रबंध आणि अहवाल यांतील उल्लेखही मोजतो, त्यामुळे तेथील आकडा बहुधा सर्वांत मोठा असतो आणि त्यात दुहेरी नोंदीही सापडतात. स्कोपस या डेटाबेसमध्ये संदर्भसूची प्रामुख्याने १९७० पासूनच्या निबंधांच्या आहेत. रावांचा गाजलेला निबंध १९४५ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला. म्हणजे त्याच्या पहिल्या पंचवीस वर्षांतील बरेचसे उल्लेख तेथे दिसणारच नाहीत. शिवाय तो निबंध पुढे एका संकलनात पुन्हा छापला गेला. मूळ आणि पुनर्मुद्रित अशा दोन्ही नोंदींची उद्धरणे शोधावीत, आणि एकाच लेखात दोन्हींचा उल्लेख असेल तर तो एकदाच धरावा.

खरे महत्त्व आहे ते पुढच्या पायरीला. उद्धरण करणाऱ्या निबंधांची यादी उघडून ती विषयवार फोडावी. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस या डेटाबेसांत ही सोय आहे. गूगल स्कॉलरमध्ये नाही. एकच नियतकालिक अनेक विषयांत गणले जात असल्यामुळे टक्केवारीची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. रावांच्या त्या एका निबंधात आज क्रामेर-राव असमानता (अंदाजाच्या अचूकतेची मर्यादा) आणि राव-ब्लॅकवेल प्रमेय (अंदाज सुधारण्याची रीत) म्हणून ओळखले जाणारे निष्कर्ष तर होतेच, शिवाय माहितीच्या भूमितीची, म्हणजे संभाव्यतेच्या वितरणांमधील अंतरे भूमितीने मोजण्याच्या कल्पनेची, सुरुवातही होती. रडारच्या संकेतांचे विश्लेषण करणारा अभियंता आणि क्वांटम मोजमापांची अचूकता अभ्यासणारा भौतिकशास्त्रज्ञ पहिल्या निष्कर्षाकडे येतात. प्रतिमांच्या विश्लेषणात तिसऱ्या कल्पनेचा उपयोग होतो. कोणता विषय कोणत्या कल्पनेसाठी येथे आला, हे कळण्यासाठी प्रत्येक विषयातील पाच-दहा निबंध तरी उघडून वाचावेत. याला दुसरा पर्याय मला दिसत नाही.

विषयांची तुलना करताना कच्चे आकडे शेजारी ठेवू नयेत. गणिती निबंधाची संदर्भसूची आखूड असते, तर जीवशास्त्रातली लांबलचक. समजा, एका विषयात त्या वर्षीच्या निबंधांना सरासरी ६ उद्धरणे मिळाली आणि आपल्या निबंधाला १२, तर गुणोत्तर २ येते. दुसऱ्या विषयात सरासरी ३० असताना ३० मिळाली, तर ते १ येते. कमी आकड्याचा निबंध येथे अधिक प्रभावी ठरतो. एच-इंडेक्स, म्हणजे ज्यांना प्रत्येकी किमान तितकीच उद्धरणे मिळाली अशा निबंधांची सर्वांत मोठी संख्या, हा फरक पाहत नाही, आणि एखाद्या निबंधाचे मोठेपणही त्यात दिसत नाही. पाच निबंधांना ४०, १८, ९, ४ आणि २ उद्धरणे असतील तर एच-इंडेक्स ४ येतो. पहिल्या निबंधाची उद्धरणे ४० ऐवजी ४०,००० झाली तरी तो ४ च राहतो. संख्याशास्त्रात एकच निबंध अनेक विषयांचा आधार होऊ शकतो, म्हणून ही उणीव येथे विशेष बोचते. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने २०१४ साली सर्वाधिक उद्धृत शंभर निबंधांची यादी दिली, तिच्यात कॅप्लन आणि मायर यांचा १९५८ चा निबंध अकरावा होता. रुग्णांच्या जगण्याचा कालावधी अभ्यासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला तेथे नेले.

याउलट काही कल्पना इतक्या रुजतात की मूळ निबंधाचा उल्लेखच थांबतो. महालनोबिस अंतर (अनेक मोजमापांवरून दोन गटांतील फरक मोजण्याची रीत) वापरणारे कितीतरी लेखक १९३६ चा निबंध उद्धृत करत नाहीत. म्हणून निबंधांच्या मजकुरात पद्धतीचे नाव शोधून ती संख्या वेगळी नोंदवावी. ती उद्धरणांत मिळवू नये.

अखेरीस अहवालात प्रत्येक आकड्याशेजारी डेटाबेसचे नाव, पाहिल्याची तारीख, स्वतःच स्वतःला दिलेली उद्धरणे वगळली की नाहीत, आणि वाचलेल्या निबंधांची संख्या लिहावी, म्हणजे दुसऱ्या कुणालाही तीच मोजणी पुन्हा करून पाहता येईल.