दुःखातला विसर्ग आणि ’६१चा पूर

मराठी वेब कंटेंटच्या कामात नवीन येताय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. नारायण पेठेतल्या एका छोट्या ऑफिसात मी लेख अपलोड करायचो. एकदा जुन्या लेखांत ‘दुःख’ हा शब्द शोधायचा होता, तर सर्चमधे कितीतरी लेख आलेच नाहीत, उघडून बघितलं तर शब्द समोर ढळढळीत दिसतोय. शेवटी मुद्रितशोधन करणारे काका शेजारी बसले, स्क्रीन झूम करायला लावली आणि म्हणाले, “अरे, हा विसर्ग नाहीये, कोलन आहे.” दोन्हीकडे दोन टिंबंच, पण कॉम्प्युटरला ती वेगळी अक्षरं, म्हणजे शब्दच वेगळा. इनस्क्रिप्टमधे, म्हणजे मराठी टायपिंगच्या प्रमाणित कीबोर्डवर, विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या बटणावर येतो, तो आधी बोटांत बसवा.

काकांकडूनच कळलं की मोडीत विरामचिन्हं नसायची, शब्दसुद्धा सलग लिहायचे, आणि इंग्रजीतली ही चिन्हं मराठीत रुजवली ती एकोणिसाव्या शतकातल्या मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांनी, तेही पुण्यातच कॉलेजात प्रिन्सिपॉल होते. मला ते ऐकून फार भारी वाटलं, आपण रोज जे टाइप करतो ते इथूनच सुरू झालंय.

अवतरणचिन्हांचं म्हणाल तर कीबोर्डवरचं सरळ उभं चिन्ह टाइपरायटरमुळे आलं, बटणं वाचवायला उघडणारं आणि मिटणारं एकच केलं. वळणदार हवी असतील तर विंडोजवर आल्ट धरून नमपॅडवर (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर) ०१४७ आणि ०१४८, मोबाइलवर तेच बटण दाबून ठेवायचं. आकड्यांच्या मधली रेघ, म्हणजे १०–१२ मधली, ती ०१५०.

पण ऑटोकरेक्टवर डोळे झाकून विसंबू नका. पानशेतच्या पुरावर लिहिताना ’६१चा असं लिहिलं तर तिथे लोपचिन्ह लागतं, मिटणाऱ्या अवतरणासारखं वळलेलं, कारण १९ गाळलेत, आणि सॉफ्टवेअर शब्दाची सुरुवात समजून हमखास उघडणारं टाकतं. मी अजूनही ते हातानेच बदलतो.

आणि एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाच्या कोडच्या, टॅगमधे मात्र सरळच चिन्हं ठेवा. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार चिन्हं तिथे गेली की लिंक तुटते, माझ्या एका लेखातल्या सगळ्या लिंक अशाच गेल्या होत्या, रात्री साडेअकराला बसून एकेक दुरुस्त केली.